उस्ताद जिलानींच्या पाच पायऱ्या

...नाही, नाही, बाकी सगळं राहू द्या, तुम्ही आधी मला एक सांगा, पायरी म्हणजे काय? पाय ठेवायची जागा! झालं? संपलं? यात काही गूढ आहे का? शाळेचं तोंड न बघितलेल्या माणसाला कळतं, कोंबडीला कळतं, आमच्या वाळवंटाकाठच्या तोझर गावातल्या झाडून सगळ्या बकऱ्यांना कळतं... आणि कळू नये कोणाला? तर ज्यानं साठ वर्षं विटेशिवाय दुसऱ्या कशाला हात लावला नाही त्या माणसाला! आणि निस्तरायचं कोणी? मी! लझरनं! पोस्टात खिडकीमागे बसून शिक्के मारणाऱ्या, कोणाच्या अध्यात-मध्यात नसलेल्या माणसानं! पाच पायऱ्या हो! मोजून पाच! मी काय मिनार बांधायला काढला होता?

तुम्हाला सांगतो, आमच्या घराला रस्त्यापासून दारापर्यंत पाच पायऱ्या. बाबांनी घर बांधलं तेव्हाच्या, आमच्याकडच्या हातानं थापलेल्या पिवळ्या विटांच्या. चाळीस वर्षं झाली की त्यांना. पहिली खचलेली, दुसरीला मधोमध असा खळगा की पाऊस पडला, म्हणजे आमच्याकडे जेव्हा कधी चुकून पडतो तेव्हा, त्यात चिमण्या आंघोळ करायच्या, तिसरीची कडेची वीट सुटलेली, पाचवीचा कोपराच गायब... आणि चौथी? चौथी चांगली! आणि आई पडली कुठे? चौथीवर! कारण बाकीच्या चारांवर ती जपून पाय टाकायची आणि चौथीवर बिनधास्त टाकायची! मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. आणि त्या सहा आठवड्यांत घरी आलेला प्रत्येक माणूस दारात थांबून, पायऱ्यांकडे बघून, मग माझ्याकडे बघून, "अरेरे" म्हणायचा. पायऱ्यांना नाही, मला!

आता मी काय हातावर हात धरून बसलो होतो का? तीनदा सिमेंट थापलं, स्वतःच्या हातानं! पिवळ्या विटेवर करडं सिमेंट, दोन महिन्यांत उन्हानं पापुद्रे सुटले. माझी बायको, वसीला तिचं नाव, म्हणाली, "पायऱ्यांना खरूज झाल्यासारखं दिसतंय." म्हटलं, तू थाप! म्हणाली, "मी कशाला थापू? गवंडी बोलवतात त्यासाठी." तिचं म्हणणं बरोबर असतं हो, नेहमीच बरोबर असतं, तोच तर त्रास आहे...

तर आई हजला निघाली. पंच्याहत्तरी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, पण निघाली. आणि निघायच्या आदल्या दिवशी माझ्या थोरल्या बहिणीचा, हयातचा, समुद्राकाठच्या स्फॅक्स शहरातून फोन. हयात फोनवर 'हॅलो' म्हणत नाही. तिचं वाक्य मधूनच सुरू होतं.

"...आणि नीट ऐक लझर. आईचं विमान परतताना स्फॅक्सला उतरणार. तिथून मी तिला गाडीनं तोझरला आणणार. दारात गाडी उभी करून त्या पायऱ्या मी स्वतः बघणार. त्या जर तशाच असल्या ना, तर आईला खाली उतरवणार नाही. गाडी वळवणार, आणि कायमची माझ्याकडे नेणार. माझ्याकडे लिफ्ट आहे!"

लिफ्ट! तुम्हाला सांगतो, या बाईनं स्फॅक्सला चौथ्या मजल्यावर घर घेतल्यापासून आमच्या घरात कसलीही गोष्ट निघो, शेवटी लिफ्टवर येते! माझ्या मुलीचं लग्न ठरलं, तर म्हणे, "सासरी लिफ्ट आहे का?"

तुम्ही म्हणाल, मग काय बिघडतं, आई लेकीकडे गेली तर? बिघडतं हो! फार बिघडतं! मी बावन्न वर्षांचा आहे, आणि आजही पोस्टातून घरी आलो की आई अंगणातून विचारते, "आज कोणाचं पत्र आलं?" आता पत्रं कुठे येतात? विजेची बिलं येतात. पण मी तिला रोज एक पत्र रचून सांगतो. अमक्याचा भाऊ सापडला, तमकीनं नवऱ्याला माफ केलं... आणि तिला पक्कं ठाऊक असतं की मी थापा मारतोय, आणि ती दुसऱ्या दिवशी विचारते, "मग, त्या माफ केलेलीचं पुढे काय झालं?" हे स्फॅक्सला चौथ्या मजल्यावर तिला कोण सांगणार? आणि मी घरी येऊन कोणाला सांगू? मला आई घरात हवी होती, बास! आणि ती राहणार की जाणार हे कशावर ठरणार होतं? पाच पायऱ्यांवर!

हातात महिना. मी कामाला लागलो. एक तरुण ठेकेदार आला, चकचकीत चप्पल, हातात फोन. म्हणाला, "कारखान्यातले सिमेंटचे ठोकळे टाकू, दोन दिवसांत मोकळे." शेजारचा तिजानी, तो टांगा चालवतो, पाहुण्या प्रवाशांना जुना मोहल्ला फिरवून दाखवतो, तो टांग्यात बसल्या बसल्या ओरडला, "हो, हो, टाक ठोकळे! अख्ख्या गल्लीला हाताची वीट आणि पोस्टवाल्याच्या दारात बसस्टँड!" गल्ली हसली. ठेकेदार गेला. मग तिजानीच म्हणाला, "अरे, उस्ताद जिलानी आहेत की अजून! तुमची भिंत कोणी बांधली?"

खरंच की! आमच्या घराची दर्शनी भिंत उस्ताद जिलानींची. आमच्याकडच्या भिंती तशाच असतात, काही विटा दोन बोटं बाहेर काढायच्या, काही आत ठेवायच्या, आणि त्यातून खजुराची झाडं, उंट, हरणं, चौकटी अशी नक्षी उठवायची. भर दुपारी काही दिसत नाही, पण तिरपं ऊन पडलं की सावल्या धरतात आणि भिंत जिवंत होते. या कामात उस्ताद म्हणजे उस्ताद. पण आता वय अठ्ठ्याहत्तर. हात थरथरतात. आठ वर्षांत कोणी कामाला बोलावलेलं नाही. मी गेलो तेव्हा दारात नुसते बसले होते. म्हटलं, "उस्ताद, आमच्या पायऱ्या नव्यानं बांधायच्यात." ते उठले. आत गेले, लाल टोपी घालून बाहेर आले, म्हणाले, "चल."

"आत्ता नाही हो उस्ताद, आणि फार मोठं काम नाही, पाचच पायऱ्या..."

"चल म्हटलं ना."

पहिल्या दिवशी त्यांनी काय केलं, ठाऊक आहे? पिशवीतून ओळंबा काढला. ओळंबा! दोरीला लोंबणारं ते वजन, भिंत उभी सरळ आहे की नाही बघायचं! आणि पायरीवर धरून उभे राहिले. मी भीत भीत विचारलं, "उस्ताद... पाणसळ नाही का आणली? पायरी आडवी सपाट आहे की नाही ते बघायला?" म्हणाले, "पाणसळ लादीवाले वापरतात." झालं! इथेच, अगदी इथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता! पण माणूस म्हातारा, नावाजलेला, मी पोस्टातला कारकून... मी काय म्हणालो? "बरोबर आहे उस्ताद!"

पण काम बघाल तर! जुन्या पायऱ्या मुळापासून उपटल्या. खालची माती चोपून चोपून घट्ट केली. नव्या विटा एकेक कानाशी धरून टिचकी मारून बघायचे, खणखण वाजली तर ठेवायचे, बद वाजली तर बाजूला. ठेवलेल्या विटा रात्रभर टाकीत भिजत. जूनचा महिना, आमच्याकडचा जून म्हणजे तुम्हाला काय सांगू, नऊ वाजता अंगण पायाला चटके देतं. म्हणून उजाडता उजाडता यायचे, ऊन चढायच्या आत जायचे, उतरत्या उन्हात पुन्हा यायचे. आणि जाताना झालेल्या कामावर ओली गोणपाटं टाकायचे, वर दगड ठेवायचे. दम दिलेला, "कोणी उचलायचं नाही. ऊन लागलं तर माल तडकतो. पाणी मारा, पण वरून. बघायचं ते शेवटी."

मग आम्ही आत-बाहेर कसे करत होतो? मागच्या बोळातून, बकऱ्यांच्या खोपटातून! तीन आठवडे मी शिक्के मारायला जाताना बकऱ्यांचा निरोप घेऊन जात होतो! वसीला एकदा म्हणाली, "अहो, ती गोणपाटं वर-खाली दिसतायत मला. उंचवटे आहेत." मी म्हटलं, "गोणपाट कधी सपाट असतं का?" ती म्हणाली, "पायरी असते." मी म्हटलं, "गप्प बस गं! उस्ताद आहेत ते!" पाच पायऱ्या हो, पाच! त्याच्यावर मी बायकोला गप्प बसवलं... त्याची भरपाई अजून चालू आहे.

उजाडला तो दिवस. अकराला विमान उतरलं. बाराला फोन वाजला. "...निघालोय. आई पुढे बसलीय. पायऱ्या?"

"झाल्या!"

"भक्कम?"

"भक्कम!"

"सपाट?"

आता मी बघितल्या होत्या का? नव्हत्या! पण पायरी सपाट नसेल तर काय असेल? "सपाट!" म्हणून ओरडलो. "आरशासारख्या!"

दुपारच्या नमाजानंतर गल्ली जमली. उस्ताद आले. पांढराशुभ्र झगा, डोक्याला ती लाल टोपी, कानावर मोगऱ्याचा गजरा खोचलेला, जणू काही त्यांच्याच घरचं लग्न! एकेक दगड बाजूला ठेवला. एकेक गोणपाट उचललं. सगळी गल्ली माना पुढे काढून...

आणि पुढची रांग एक पाऊल मागे सरली.

मग पाठच्या बायकांनी जिभा हलवून असा हर्षाचा गलका केला की कबुतरं उडाली! काय सुंदर! काय सुंदर हो! खोटं कशाला बोलू, मी आयुष्यात इतकं सुंदर काम बघितलेलं नाही. पहिल्या पायरीवर खजुराची झाडं, दुसरीवर हरणं, तिसरीवर उंटांची रांग, चौथीवर चौकटीत चौकटी, आणि पाचवीवर... पण कुठे? उभ्या बाजूला नाही! वर! माथ्यावर! जिथे पाय ठेवायचा तिथे! विटा दोन दोन बोटं बाहेर आलेल्या, मध्ये दोन दोन बोटांच्या फटी, उंटाची वशिंडं वर... त्या माणसानं पायऱ्या बांधल्याच नव्हत्या! त्यानं भिंत बांधली होती आणि ती आडवी झोपवली होती!

मी पुढे झालो. "उस्ताद... हे... हे काय?"

उस्ताद हसले. म्हातारा असा हसला की काय सांगू, सगळे उरलेले दात दिसले. म्हणाले, "गालिचा."

"गालिचा?"

"तुझी आई विणायची तो. हे घर बांधत होतो ना, तेव्हा ती अंगणात मागावर बसायची. मी भिंतीवर, ती खाली. चार महिने मी वरून तो गालिचा बघत होतो. पाचव्या पायरीवर जी शेवटची पट्टी आहे ना, ती तिनं तीनदा उसवून पुन्हा विणली होती. कोणाला नाही माहीत, मला माहीत आहे. आता ती हज्जा मबरूका होऊन, काबा बघून येतेय, लझर. तिच्या वाटेवर गालिचा नको?"

आता सांगा! सांगा ना! आता याला सपाट करा म्हणू?

तेवढ्यात तिजानी म्हणतो, "मी बघतो बरं चढून!" आणि चढलाही! पहिली पायरी पार. दुसरीवर बुटाचं टोक हरणाच्या शिंगाखाली गेलं आणि हा पठ्ठ्या दोन्ही हातांवर थेट उंटांच्या कळपात! ताडमाड माणूस, रोज टांग्यावर उडी मारून चढणारा! आणि उस्ताद धावले... त्याला उचलायला? नाही! ओरडत, "बूट! बूट काढ! गालिच्यावर बूट घालून चढतोस, गाढवा? आईनं शिकवलं नाही?" तिजानीनं बिचाऱ्यानं बूट काढले, अनवाणी पाय टेकवला, आणि टेकवला तसा उचलला! दुपारचे दोन, जून महिना, गोणपाट निघाल्या निघाल्या वीट तव्यासारखी तापलेली! एक पाय वर, दुसरा पाय वर, नाचत नाचत खाली! बायका हसतायत, पोरं टाळ्या पिटतायत, आणि मला समोर दिसतेय आई. पंच्याहत्तर वर्षांची, मनगट आत्ताच कुठे जुळलेली आई, त्या दुसऱ्या पायरीवर...

फोन वाजला. "...गफ्सा आलं. चहाला थांबलोय. आई विचारतेय, नव्या पायऱ्या कशा आहेत."

"छान आहेत," म्हटलं. "फार... फार काम आहे त्यांच्यावर."

"काम? अजून काम आहे?"

"नाही! केलेलं! केलेलं काम!" आणि फोन ठेवला.

गफ्सा म्हणजे दीड तास! दीड तासात करायचं काय? वसीला कानाशी, "फटीत वाळू भरा." भरली असती हो! पण उस्ताद समोर वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसलेले! हलायला तयार नाहीत! "हज्जा येईपर्यंत मी इथंच." म्हटलं, उस्ताद, ऊन लागेल, घरी जाऊन पडा जरा. "मला ऊन लागत नाही." म्हटलं, चहा घ्या, आत या. "आतून दिसत नाही." मग मी एक फळी आणली, म्हटलं, बाजूनं नुसती टेकवून ठेवू, सहज. उस्ताद म्हणाले, "ही कशाला?" मी म्हटलं, "सामान चढवायला." म्हणाले, "सामान मागून ने. समोर झाकू नकोस." पाच पायऱ्या! पाच पायऱ्यांनी मला माझ्याच दारात चोरासारखं फिरवलं!

शेवटी धीर केला. म्हटलं, सांगून टाकू! बापाच्या जागी मानून हात जोडू, पण सांगू! त्यांच्याशेजारी उकिडवा बसलो. "उस्ताद, काम लाखात एक आहे. पण म्हातारी माणसं... गुडघे... तर म्हटलं, वरून थोडंसं... जरा घासून..."

"घासून?" उस्तादांना खरंच कळलं नाही. "काय घासून?"

आणि माझ्याकडे बघत राहिले. हात मांडीवर ठेवलेले. बोटांची टोकं विटेनं सोलवटून लाल झालेली. मग आपणहूनच म्हणाले, "हे शेवटचं हं, लझर. परवा थापी धुतली आणि कापडात बांधून ठेवली. आठ वर्षं मला वाटत होतं, आपण वारलो आणि कोणी सांगितलं नाही. तू आलास."

नाही सांगता आलं. तुम्हाला आलं असतं? आलं असतं तर तुम्ही या, माझ्या जागी या, मी तिकडे बसतो! मला नाही आलं. मी म्हणालो, "घासून म्हणजे... पुसून. धूळ पुसून घेऊ." आणि फडकं आणून उंट पुसत बसलो. माझ्याच आईला पाडणारे उंट मी स्वतःच्या हातानं चकचकीत केले!

फोन. "...मेतलावी गेलं मागे." फोन. "...खजुराच्या बागा दिसायला लागल्या." फोन. "...गल्लीच्या तोंडाशी आहोत, घोडा बाजूला घ्यायला सांग!" आणि गाडी आली. ऊन तिरपं झालेलं. आणि त्या तिरप्या उन्हात पायऱ्यांवर सावल्या अशा उठल्या की उंट चालायला लागले.

हयात आधी उतरली. चष्मा कपाळावरून नाकावर आला. पायऱ्यांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा पायऱ्यांकडे.

"हे काय आहे?"

"पायऱ्या," मी म्हटलं. काय म्हणणार?

"यावर आई चढणार?" आवाज चढू लागला. "यावर? सपाट? आरशासारख्या? लझर, यावर मांजर पडेल! आई, तू उतरू नकोस, मी गाडी वळवते! माझ्याकडे..."

"लिफ्ट आहे," सगळी गल्ली एका सुरात म्हणाली.

उस्ताद मोढ्यावरून उठले होते. हयातचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं होतं. टोपी हातात आली, आणि ते पहिल्यांदाच त्या पायऱ्यांकडे बघत होते, म्हणजे आपण बघतो तसे... माणूस पाय कुठे ठेवणार, असे. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरत चाललं. मला वाटलं, धरणीनं मला पोटात घ्यावं. आई जाणार, आणि हा म्हातारा याच जागी मरणार, आणि दोन्ही माझ्यामुळे!

आणि गाडीचं दार उघडलं. आई उतरली. पांढऱ्या कपड्यांत, वाळलेली, काळवंडलेली, पण डोळे कसे लख्ख. "हज्जा! हज्जा!" म्हणत बायका पुढे झाल्या, तिनं हातानं थांबवलं. चालत पहिल्या पायरीपाशी आली. वाकली. एवढे गुडघे कुरकुरत होते तरी वाकली, आणि विटांवर बोट फिरवलं. खजुरावरून. हरणावरून. मग मान वर करून एकेक पायरी वाचत गेली, आणि पाचवीपाशी थबकली. ती शेवटची पट्टी. तिनं उस्तादांकडे बघितलं, त्यांच्या हातातल्या टोपीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं... आणि तुम्हाला सांगतो, एका नजरेत त्या बाईला सगळं कळलं! सगळं! ओळंब्यापासून फडक्यापर्यंत!

मग ताठ झाली आणि असं खणखणीत बोलली की पार मशिदीपर्यंत ऐकू गेलं असेल.

"कोणाची हिंमत आहे यावर पाय ठेवायची?"

पुढे उभ्या पोरांनी पाय मागे घेतले.

"हा माझा गालिचा आहे! माझ्या हातचा! यावर मी प्रवासाचे धुळीचे जोडे घेऊन चढू? माझ्या घरात, माझ्या गालिच्यावर आजवर कोणी जोडे घातलेत? या पायऱ्यांवर कोणीही, ऐकतेयस हयात, कोणीही पाय ठेवायचा नाही. मी जिवंत आहे तोवर नाही!" आणि उस्तादांकडे वळून, आवाज खाली आणत म्हणाली, "जिलानी, शेवटची पट्टी तुला आठवत होती?"

उस्तादांनी नुसती मान डोलावली. टोपी पुन्हा डोक्यावर गेली.

आणि आई वळली, आणि हज करून आलेली ती हज्जा मबरूका, मागे तीस बायका, हजहून आणलेल्या झमझमच्या पवित्र पाण्याचा कॅन घेऊन तिजानी, अशी मिरवणूक घेऊन बोळातून मागे गेली, आणि बकऱ्यांच्या खोपटाच्या दारातून उजवा पाय आधी टाकून, बिस्मिल्ला म्हणून घरात शिरली! बकऱ्यासुद्धा बाजूला झाल्या हो! जाता जाता माझा कान धरला, या वयात, आणि कानातच म्हणाली, "गाढवा, भिंतीच्या माणसाला जमिनीचं काम देतात का?"

हयात मागून येत होती, खाली बघत, एकेक पाऊल टाकत, चूक शोधत. शोधू दे! तिथे काय सापडणार? सपाट जमीन! "इथे... इथे एकही पायरी नाही," ती म्हणाली. "मग इतकी वर्षं आई इथूनच का नाही येत-जात?"

आई आतून म्हणाली, "इतकी वर्षं मी बकऱ्यांच्या दारानं कशाला आले असते? मला काय माझं दार नव्हतं?"

"पण माझ्याकडे आई, लिफ्ट..."

"तुझ्या लिफ्टलाही उंबरा आहे. दोनदा अडखळलेय मी." आणि माझ्याकडे वळून, "लझर, महिनाभर कोणाकोणाची पत्रं आली, सांग बघू."

संपलं! हयात दुसऱ्या दिवशी एकटीच परत गेली. आई राहिली. मी त्या दिवशी अंगणात बसून एकोणतीस पत्रं रचली आणि माझ्या डोळ्यांत पाणी का येतंय ते कोणी विचारलं नाही, बरं झालं.

आता तुम्ही म्हणाल, मग तुझी तक्रार काय? तक्रार काय! अहो, पाच पायऱ्या, खणखणीत विटांच्या, ओळंब्यात सरळ, तीन आठवडे पाणी पाजलेल्या, आणि मी कुठून ये-जा करतो? पिठाचं पोतं मागून, गॅसची टाकी मागून, मुलीच्या सासरचे पाहुणे मागून, मोठे साहेब घरी आले तर तेही मागून, वाकून! पोस्टात खिडकीपुढे माणूस उभा राहिला की नाक मुरडतो आणि विचारतो, "इथे बकरी आलीय का?" आणि समोरच्या दाराशी रोज उतरत्या उन्हात उस्ताद जिलानी येतात, मोढा टाकतात, सावल्या उठताना बघत बसतात. आई वरच्या खिडकीत. दोघं काही बोलत नाहीत. खालून एखादी मांजर पहिल्या पायरीकडे गेली तर मात्र दोघंही एकदम ओरडतात, "हाड्!"

आणि त्यात तो तिजानी! आता त्याचा टांगा रोज आमच्या दारात थांबतो! प्रवाशांना सांगतो काय, तर, "सातशे वर्षांपूर्वीचा जिना! एका राणीसाठी बांधलेला! एक माणूस कधी चढलेला नाही! घर केव्हाच ओस पडलंय!" ओस! मी वर खिडकीत दाढी करतोय! परवा एक बाई होत्या, लांबच्या कुठल्या देशाच्या, मोठी टोपी, गळ्यात कॅमेरा. त्यांना मी दिसलो. त्यांनी तिजानीला विचारलं, हा कोण? हा निर्लज्ज म्हणतो, "वॉचमन." बाई बिचाऱ्या भल्या होत्या हो. हात जोडून, अगदी अदबीनं त्यांनी खालून मला विचारलं, फोटो काढायचाय, एकदाच, एकाच पायरीवर पाय ठेवू का? काय सांगणार? तोंडाचा फेस पुसला आणि म्हटलं, "नाही हो बाई. मालकीणबाई परवानगी देत नाहीत. मला स्वतःला अजून मिळालेली नाही!"